काकडेनानांच्या घरच्या बातम्या

काकडेनानांना कंपनीच्या बसमध्ये बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जागा नसायची असं नाही. पहिल्या बाकावरची खिडकीची जागा सगळ्यांनी त्यांच्यासाठी सोडलेली असायची आणि तिथं त्यांचा डबा बसायचा. नाना स्वतः ड्रायव्हरशेजारच्या दांडीला धरून, काचेकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड करून, मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत उभे. कारण नाना बातम्या द्यायचे, आणि बसून बातम्या देता येत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. टीव्हीवरचे लोक बसूनच देतात की, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "म्हणून तर त्यांच्यावर कुणी इश्वास ठेवीना."

नाना मुकुंदवाडीला चढायचे, मी पुढच्या थांब्यावर, सिडकोत. मी चढेपर्यंत त्यांचं खाकरून झालेलं असायचं. सेव्हन हिलचा पूल आला की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "ऐका मंडळी." मग सेव्हन हिल ते क्रांती चौक शहराच्या बातम्या, क्रांती चौक ते नगर नाका कंपनीच्या बातम्या, आणि नगर नाका ते वाळूज घरच्या बातम्या. ही वाटणी इतकी पक्की होती की जालना रोडवर एकामागून एक उड्डाणपूल झाले तेव्हा सगळं शहर खूश होतं आणि एकटे नाना हळहळत होते. पूर्वी मोंढा नाक्याच्या सिग्नलला दोन बातम्या आरामात व्हायच्या. "पुलानं माझ्या शहराच्या बातम्या खाल्ल्या," ते म्हणायचे.

बातमी सांगताना नानांची भाषा एकदम शुद्ध व्हायची. आवाजही घशातून न येता पोटातून यायचा. चर्चा सुरू झाली की मात्र ते लगेच आपल्या बोलीत उतरायचे.

"शहराच्या पूर्व भागात आज पाणी येईल, असं पाणी सोडणाऱ्यांनी कळवलं आहे. पाण्याकडून अद्याप दुजोरा मिळालेला नाही."

"नाना, मागच्या खेपेला बी असंच म्हणलं होतं तुमी."

"मी नाय म्हणलं, त्यांनी म्हणलं. मी निस्ता सांगायलो."

आमच्या शहरात पाण्याला वार असतो, आणि तो वार कोणता हे घरातल्या वाढदिवसांपेक्षा जास्त लक्षात ठेवावं लागतं. शहराचं नाव बदललं त्या दिवशी सगळी बस नानांकडं डोळे लावून बसली होती, हे आता काय बोलतात म्हणून. नानांनी हात वर केला. "शहराचं नाव बदललं आहे. पाण्याचा वार बदललेला नाही." आणि ते पुढच्या बातमीकडं, म्हणजे सिडकोतल्या एका खड्ड्याकडं वळले. त्या खड्ड्यावर नानांचा विशेष लोभ होता. तो बुजवला गेला तेव्हा त्यांनी त्याला श्रद्धांजली वाहिली होती, आणि पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा उघडला तेव्हा त्याचं स्वागतही केलं.

क्रांती चौक ओलांडला की कंपनी सुरू. आमचा कारखाना मोटारसायकलचे सुटे भाग करतो. नाना प्रेसशॉपमध्ये, मी स्टोअरमध्ये. हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा नानांचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. आयुष्यभर पत्रा हाताळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेलेल्या होत्या. "काल मी कामावर आलो होतो की नाही, याबद्दल मशीन आणि मी यांच्यात मतभेद आहेत," नाना सांगायचे. "सुपरवायझर मशीनच्या बाजूनं आहेत. मी मात्र अजून माझ्याच बाजूनं आहे." एकदा नव्या साहेबांनी सगळीकडं 'हसतमुखानं काम करा' अशा पाट्या लावल्या. नानांची बातमी अशी होती की, पाटी ठोकताना शिडीवरून जो घसरला, तो हसतमुख होता का याची चौकशी चालू आहे. ही बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेब हसले की नाही ते कळलं नाही, पण शिडी मात्र नवीन आली.

पण बस खरी जागी व्हायची ती नगर नाक्याला. मागच्या बाकावर डुलक्या घेणारे सरसावून बसायचे. आमचे ड्रायव्हर गफूरभाई गिअर बदलता बदलता म्हणायचे, "हौ नाना, अब घर की सुनाओ. भाभी ने कल क्या करे?"

घरच्या बातम्या म्हणजे नानांच्या बायकोच्या बातम्या. त्यांना ते मालकीणबाई म्हणायचे. आमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, तरी बाईंचा दरारा अख्ख्या बसवर होता.

"मालकीणबाईंनी काल औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत मेथीवरून वाद घातला. शेवटची बातमी हाती आली तेव्हा मेथी त्यांच्या एका हातात आणि भाजीवाला दुसऱ्या हातात होता."

"पाण्याची टाकी बघायला मालकीणबाई गच्चीवर गेल्या असता तिथं वानर बसलेलं आढळलं. दोघांची नजरानजर झाली. वानर शेजाऱ्यांच्या गच्चीवर राहायला गेलं आहे."

नवरात्रात बस कर्णपुऱ्याच्या बाजूनं जायची तेव्हा देवीला अनवाणी निघालेल्या बायकांनी रस्ता भरलेला असायचा. नाना त्या गर्दीकडं बोट दाखवून म्हणायचे, "काल मालकीणबाई यात्रेत आकाशपाळण्यात बसल्या. उतरल्या आणि पुन्हा बसल्या. मी खाली त्यांची पिशवी आणि चपला सांभाळत उभा होतो. पाळणेवाला थकला, त्या थकल्या नाहीत." महाशिवरात्रीला त्या वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला पायी निघाल्या आणि जीपनं गेलेल्या नानांच्या आधी रांगेत उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत नानांना पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एकदा त्यांनी चोरून शेंगदाणे घेतले, तर मालकीणबाईंनी त्यांना लाटणं घेऊन मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत पळवलं. तिथं गाडी लागलेली होती म्हणून नाना वाचले.

आमच्यात भालेराव म्हणून एक होते. तपासणी विभागात असल्यामुळं त्यांना कुठलीही वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. प्रत्येक बातमीनंतर ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "पुरावा काय?"

नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "सविस्तर संध्याकाळी."

गंमत म्हणजे संध्याकाळी नाना काहीच सांगायचे नाहीत. परतीच्या बसमध्ये ते या बाकापासून त्या बाकापर्यंत फिरायचे, बाकाच्या पाठीला हात टेकून उभे राहायचे आणि प्रत्येकाची विचारपूस करायचे. भालेरावांच्या मुलाला गणितात किती अडलंय, गफूरभाईंच्या धाकट्या बहिणीचं कुठं जमतंय, माझी दाढ आज दुखली की नाही. उत्तर ऐकून ते "अच्छा, अच्छा" म्हणायचे आणि शेवटी एखादा भलताच बारीक प्रश्न टाकायचे. माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पण साडी कोन्त्या रंगाची नेसून आल्या?" मला सांगता आलं नाही. नानांना त्याचं फार वाईट वाटलं.

नानांची निवृत्ती जवळ आली तशी बसमध्ये वेगळीच खळबळ सुरू झाली. नाना जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की आमच्या कंपनीत निरोप जोडीनं देतात. नवरा-बायको दोघांना मंचावर बसवतात, त्यांना शाल-श्रीफळ, बाईंना साडी, मग भाषणं आणि जेवण. म्हणजे मालकीणबाई येणार. ज्यांनी भाजीवाला उचलला आणि वानर हुसकावलं, त्या प्रत्यक्ष दिसणार. भालेरावांनी आधीच जाहीर केलं की आपण हॉलमध्ये दाराजवळ बसणार.

पण नाना म्हणाले, "ती नाय येणार. जालन्याला लेकीकडं जायचीय."

"मंग नंतर जातील की," कुणीतरी म्हणालं. "तुमचा एकच तर निरोप आहे."

त्या दिवशी नगर नाका आला आणि गेला. घरच्या बातम्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नाना दांडीला धरून उभे होते, पण आमच्याकडं पाठ करून, समोरच्या रस्त्याकडं बघत. गफूरभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "पवारसाब, कुछ तो गडबड है. तुम जाके भाभी को बोलो. इज्जत से बोले तो नक्को नहीं बोलते."

असं ठरलं की बसच्या वतीनं मी जावं. भालेरावांनाही सोबत चला म्हटलं होतं, पण त्यांना त्या मेथीवाल्याची आठवण झाली.

रविवारी दुपारी पत्ता विचारत विचारत मी मुकुंदवाडी स्टेशनमागच्या गल्लीत पोचलो. दार उघडंच होतं. खिडकीशी दिवाणावर एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. गोरा, गोल चेहरा, मोठं कुंकू, पायांवर घडी घातलेली शाल. मी दारातच घुटमळलो, तशा त्या हसल्या.

"या की, पवारभाऊजी. दाढ काढली का नाय अजून?"

माझं नाव अजून मी सांगितलेलं नव्हतं.

"गालावर हात ठिवून कोन येतंय म्हनून बघितलं, तवाच वळखलं," त्या म्हणाल्या. "सासूबाई गेल्या का? आन भालेरावांच्या पोराचं गणित? ते काय ठीक दिसंना मला. इंग्रजीत बरा हाय म्हनं." मग आतल्या बाजूला वळून, "अवो, पवारभाऊजी आलेत. भाकर ठिवा खाली आन या भाईर."

आतून नाना आले. दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं माखलेले. ज्या स्वयंपाकघरात त्यांना पाऊल टाकायची बंदी होती, तिथूनच आले. मला बघून ते जागच्या जागी उभे राहिले. मी बघत होतो दिवाणाच्या पलीकडं भिंतीशी लावलेल्या चाकाच्या खुर्चीकडं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "हे आता कायबी बोलायचे नायत. मीच सांगते."

मणक्याचं दुखणं झालं आणि कमरेखालचं गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. सगळे दवाखाने झाले, औषधं झाली. मग वहिनी भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागल्या. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की डोळे मिटायचे, बोलायचं मात्र नाही. नाना कामावरून आले की काहीतरी बोलायचं म्हणून बसमधल्या गप्पा सांगायचे, कोण काय म्हणालं, कुणाचा डबा सांडला. भिंत ऐकायची.

"एक दिस भालेराव यांना इचारतेत, वहिनी काय म्हनत्यात?" वहिनी सांगत होत्या. "आता काय सांगावं मानसानं? यांच्या तोंडातून निघून गेलं, भाजीवाल्याशी भांडली म्हनून. मेथीवरून. समदी बस हसली. घरी आले आन माझ्यापाशी बसून म्हनले, आज मी तुझ्याबद्दल लई खोटं बोललो. काय बोलला ते सांगितलं." वहिनी थांबल्या आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मला हासू आलं, भाऊजी. वरीसभर आलं नव्हतं. मी यांना म्हनलं, बरं, मंग उद्या मला कुटं पाठिवता?"

तेव्हापासून रोज सकाळी चहा पिताना दोघं मिळून ठरवायचे, आज वहिनी कुठं जाणार. वानर वहिनींचं होतं. आकाशपाळणाही त्यांचाच, लहानपणी एकदा बसायचा राहून गेला होता म्हणून. शेंगदाणे तेवढे नानांचे. आणि आम्हाला कधीच न मिळालेलं ते 'सविस्तर' रोज संध्याकाळी या दिवाणाशी व्हायचं. सगळी बस इथं, या खोलीत येऊन जायची. सासूबाईंच्या साडीचा रंग कुणाला हवा होता, ते मला त्या दिवशी कळलं.

वहिनींच्या एवढ्या बातम्या ऐकल्या, पण त्यातल्या एकीतही त्या नुसत्या बसून राहिल्या नव्हत्या. सगळ्या बातम्यांमध्ये त्या चालत होत्या, चढत होत्या, पळत होत्या.

मला सोडायला नाना गल्लीच्या तोंडापर्यंत आले. हातावरचं पीठ वाळलं होतं, ते खरवडत म्हणाले, "मला लाज नाय वाटत, पवार. खोटं उघडं पडलं तर पडू द्या. पर तिला खुर्चीतनं मंचावर नेली की समदे अरेरे करतील. नातेवाईक करतेत, शेजारी करतेत. त्या बसमधी ती चालती हाय हो. तेवढी एकच जागा ऱ्हायली."

आम्ही उभे होतो ते खिडकीपासून फार लांब नव्हतं. खिडकीतून वहिनींचा आवाज आला.

"मी येनार हाय. आन मोटारीनं बिटारीनं नाय. बसनंच येनार. यवढी वर्सं फिरवली त्या बसमधून, एकदा बसून तरी बघू."

बसमध्ये मी कुणाला काही सांगितलं नाही. वहिनी येणार आहेत, एवढंच म्हणालो. ते सांगणं माझं काम नव्हतं.

निरोपाच्या दिवशी सकाळी मी सिडकोत न चढता मुकुंदवाडीलाच गेलो. नाना इस्त्रीच्या शर्टात, वहिनी हिरव्या साडीत, खुर्चीत, मांडीवर पितळी डबा. बस आली. खिडक्यांमधून डोकी बाहेर आली आणि तशीच राहिली. भालेराव तर अर्धे उभे राहिलेले, तसेच थांबले. गफूरभाई मात्र इंजिन चालू ठेवून खाली उतरले, कपाळाला हात लावून म्हणाले, "सलाम भाभी," आणि मी, नाना, ते असे तिघांनी मिळून वहिनींना उचलून पहिल्या बाकावर, खिडकीशी बसवलं. इतकी वर्षं नानांचा डबा जिथं बसायचा, तिथं.

बसमध्ये सगळ्यांच्या तोंडात तो एक शब्द होता, अरेरे. मला ऐकू येत होता, फक्त अजून कुणी बोललं नव्हतं.

सेव्हन हिल आलं. नाना दांडीला धरून उभे राहिले, हात वर केला, आणि तो तसाच खाली आला. मोंढा नाक्याचा पूल गेला. क्रांती चौक गेला. शेवटी ते वहिनींच्या शेजारी बसले. काकडेनाना बसमध्ये बसले, ते तेव्हा पहिल्यांदा.

"नाना," गफूरभाई हळूच म्हणाले, "नगर नाका आ गया."

वहिनींनी डबा नानांच्या मांडीवर ठेवला, बाकाच्या दांडीला धरून अंग वळवलं आणि सगळ्यांकडं पाहिलं.

"ऐका मंडळी," त्या म्हणाल्या. आवाज नानांपेक्षा खणखणीत होता. "घरच्या बातम्या. काल यांनी डब्यातला अर्धा चिवडा चोरून खाल्ला. मी लाटनं घेऊन यांच्या मागं लागले. गल्ली झाली, टेशन झालं, तरी हे थांबनात. मंग मी बी थांबले नाय. लई पळाले. म्हनून आज पाय चालंनात बगा. बसूनच आले."

आणि मग मागून, चष्म्यावरून बघत, भालेरावांनी विचारलं. आवाज जरा चिरकला त्यांचा, पण विचारलं.

"पुरावा काय?"

वहिनींनी खाली बोट दाखवलं. "यांच्या चपला बगा. दोघांचं चालून चालून झिजल्यात."

सगळ्यांनी वाकून नानांच्या चपलांकडं पाहिलं. टाचा खरंच झिजलेल्या होत्या. मग भालेराव हसले, आधी एकटेच, नंतर सगळी बस हसली, इतकी की गफूरभाईंनी विनाकारण हॉर्न वाजवला. चिवड्याचा डबा मागच्या बाकापर्यंत फिरला. वहिनी एकेकाला नावानं ओळखू लागल्या आणि चुकल्या नाहीत. वाळूजजवळच्या पंढरपूरच्या वळणापर्यंत कुणाच्या आईचे गुडघे, कुणाचं बाळंतपण, सगळं झालं. तो शब्द कुणाच्याच तोंडून बाहेर आला नाही. हॉलमध्ये मंचावरही नाही, कारण तोवर अर्ध्या कंपनीला वहिनी लाटणं घेऊन स्टेशनपर्यंत पळाल्याची बातमी पोचली होती. बसमध्ये नाना सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि सारखा चष्मा पुसत होते.

कंपनीत उतरताना भालेरावांनी विचारलं, "आता उद्या कुठं जाणार, वहिनी?"

"ते अजून ठरलं नाय," वहिनी म्हणाल्या. "सकाळी च्या पिताना ठरवतो आमी."

आता बसमध्ये दांडीला धरून मी उभा असतो. शहराच्या आणि कंपनीच्या बातम्या माझ्याकडं आहेत, आणि त्या नानांइतक्या रंगत नाहीत असं सगळे मला रोज सांगतात. नगर नाका आला की मात्र वहिनींचा फोन येतो. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वर धरतो. काल वहिनी दौलताबादचा किल्ला चढल्या. पार वरच्या तोफेपर्यंत जाऊन आल्या. नानांना अंधारीच्या भुयारापाशीच दम लागला, म्हणून ते तिथं वहिनींची पिशवी सांभाळत बसून राहिले.

भालेरावांनी पुरावा मागितला नाही.